नाक नव्हे, कंदील

विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा, आणि तो विझला तर माणूस उतरवायचा नाही, ही जुनी परीक्षा. विषारी वायू ओळखणाऱ्या धातू-ऑक्साइडच्या सेन्सरला आज ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ म्हणायची पद्धत पडली आहे. पण त्याचे कुळ शोधत गेले तर ते नाकापाशी नाही, या कंदिलापाशी पोचते. कणकवलीला या कुळकथेशी कर्तव्य आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीलगत गोपुरी आश्रम उभारला आणि मैल्याचे सोनखत करणारा ‘गोपुरी संडास’ प्रचारात आणला. सफाई हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय. पण या सफाईत धोकाही आहे: मैला किंवा शेण बंद टाकीत हवेवाचून कुजले की मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड जोडीने निघतात, आणि या जोडीपुढे कंदील हरतो. हायड्रोजन सल्फाइड काहीशे पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत काहीशे भाग) असला तरी जीव घेतो, पण तेवढ्याने ज्योत हलतही नाही. मिथेन साचला असेल तर ज्योतच घात करते. नाकाचेही तेच. सडक्या अंड्यांचा तो वास शंभर पीपीएमच्या आसपास यायचाच थांबतो, आणि माणसाला वाटते, हवा निवळली.

ज्योतीला जाळीत कोंडण्याची युक्ती हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांच्या दिव्यासाठी काढली. पुढची पिढी थेट जपानात जन्मली. १९६२ मध्ये क्युशू विद्यापीठातल्या सेइयामांनी तापवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा विद्युतरोध वायूमुळे बदलतो हे दाखवले. त्याच सुमारास घरगुती गॅसच्या स्फोटांनी बेजार झालेल्या त्या देशात नाओयोशी तागुची टिन ऑक्साइडकडे वळले होते. कोणी म्हणेल, इथे ज्योत कुठे आहे? आहे, फक्त दिसत नाही. दोनतीनशे अंशांवर तापलेला ऑक्साइडचा दाणा हवेतला ऑक्सिजन अंगावर धरतो, तो ऑक्सिजन दाण्यातले इलेक्ट्रॉन अडवून बसतो. ज्वलनशील वायू आला की या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध उतरतो. हे बिनज्योतीचे जळणेच. तागुचींच्या घराण्यातल्या सेन्सरवर पोलादी जाळीची टोपी असते, तीही डेव्हीच्या वारशातली.

मग दाणे नॅनोमीटरच्या मापाचे करणाऱ्या नॅनोतंत्राने काय केले? संशोधक यामाझोए यांनी १९९१ मध्ये दाखवले, की दाणा सुमारे ६ नॅनोमीटरखाली गेला की संवेदनक्षमता एकदम चढते, कारण मग पृष्ठभागच नव्हे, अख्खा दाणा व्यवहारात उतरतो. वात बारीक केली, एवढेच, दिवा तोच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात अशा थरांवर पुष्कळ काम झाले आहे. सबळ आक्षेप एकच: नाक वास वेगळे ओळखते, तसे हा सेन्सरही करू शकतो. टिन ऑक्साइडमध्ये कॉपर ऑक्साइड मिसळले तर हायड्रोजन सल्फाइडने त्याचे कॉपर सल्फाइड होते आणि रोध धाडकन कोसळतो, हे खरे. पण तो अपवाद. साधा टिन ऑक्साइड दारूची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस यांत फारसा भेद करत नाही. शिवाय आषाढात कोकणातली दमट हवा त्याच दाण्यांवर ऑक्सिजनची जागा अडवते, आणि वायू नसतानाच रोध उतरतो. कंदील विझला तर काठावरच्या पोरालाही कळते. सेन्सरचे शून्य सरकले तर आकडा तेवढाच ठाम दिसतो. म्हणून कोरड्या हवेत बेतलेले यंत्र कणकवलीत टाकीवर लावण्याआधी भर पावसात पुन्हा शून्यावर आणून घ्यावे लागते.