बैलघोड्याच्या दारातून परदेशी

परदेशी निघालेल्या माणसाची तयारी गिरणगावाने पुष्कळदा पाहिली आहे. मेतकुटाचा डबा, लोणच्याची बरणी, देवापुढचा अंगारा आणि उंबरठा ओलांडताना हातावर दही. परंतु परदेशी निघालेल्या कुत्र्याची तयारी हा विषय आमच्या लोअर परळला नवा वाटतो. दिसायला तो नवा असेलही. पण त्या तयारीमागे जो दीडदोनशे वर्षांचा इतिहास आहे, त्यातील काही महत्त्वाची पाने आमच्या चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर लिहिली गेली आहेत. ती उलगडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

या कथेचा आरंभ मात्र परळला नाही, कोटात होतो. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत दंगल झाली, आणि ती कुत्र्यांवरून झाली. मोकाट कुत्री मारावीत असा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाचा लोभ सुटला की मोकाट कोणते आणि घरचे कोणते हा विवेक राहत नाही. तेव्हा ज्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे ते पारशी रस्त्यावर आले. त्यांना इतरांचीही साथ मिळाली. बाजार बंद पडले, साहेबाच्या घरचे पावरोटी-पाणी अडले, अखेर लष्कर बोलवावे लागले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे सहकारी यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. सरकारला कुत्र्यात रोगाचे भय दिसत होते, रयतेला जीव दिसत होता. दोघांचेही काही चुकत नव्हते, हीच या प्रश्नाची खरी अडचण. आणि ती आजही सुटलेली नाही.

यानंतरचे पान परळचे. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून झटणारी संस्थाही निघाली. हा योगायोग असेल, पण बोलका आहे. शहर बैलांच्या आणि घोड्यांच्या पाठीवर चालले होते आणि त्या पाठी सोलून निघत होत्या. १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे इस्पितळ निघाले. त्याचे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ. पण गिरणगावाने ते नाव कधी उच्चारले नाही. आमच्यासाठी ते ‘बैलघोडा’. आजही तिथे जायचे तर बैलघोडा विचारा. बैल नाहीत, घोडे क्वचित, पण पत्ता तोच. १८८६ मध्ये त्याच्या जोडीला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. जनावराचा आजार हा शास्त्राने अभ्यासण्याचा विषय आहे, ही गोष्ट या शहराला परळने शिकवली.

त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १८८५ मध्ये, पॅरिसला लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवले होते. पाश्चरच्याच संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेगाच्या साथीत मुंबईला आले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचे नाव मिळाले. तिथली प्लेगाची लस सर्वश्रुत आहे. पण पुढे पिसाळीवरील उपचाराचे कामही तिथे चालले. माझ्या पिढीला कुत्रे चावल्याचे भय कमी आणि पोटातल्या चौदा सुयांचे भय अधिक असे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता चार-पाच सुया दंडात घेतल्या की भागते.

इकडे हे चालले असता तिकडे इंग्लंडने वेगळाच मार्ग धरला. चोहोबाजूंनी समुद्र असलेल्या देशाला दार लावून घेणे सोपे. मुसक्या बांधण्याचे कडक हुकूम निघाले आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवण्याचा नियम झाला. १९०२ मध्ये तिथून पिसाळी नाहीशी झाली. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या शिपायांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर ती १९१८ मध्ये परत आली आणि १९२२ मध्ये पुन्हा घालवावी लागली. प्रेमाने लपवून आणलेले एक पिल्लू सबंध देशाची वीस वर्षांची मेहनत धुळीला मिळवू शकते, हा धडा इंग्रज विसरला नाही. १९६९ मध्ये तर जर्मनीहून आलेल्या फ्रिट्झ नावाच्या कुत्र्याला, सहा महिन्यांची कोठडी नियमाप्रमाणे भोगून सुटल्यावर थोड्याच दिवसांत, कँबर्ले येथे पिसाळी झाली. नुसते कोंडणे पुरेसे नाही, हे त्याने दाखवले.

आपल्या मुलखातून परदेशी गेलेल्या कुत्र्यांत मानाचे पान मुधोळच्या शिकारी कुत्र्यांचे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि त्यांची एक जोडी पाचव्या जॉर्ज बादशहाला नजर केली. २००५ मध्ये या जातीचे टपाल तिकीटही निघाले. पण ती राजाची राजाला भेट. चाळीतल्या कुत्र्याने समुद्र ओलांडावा, हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

ते मी अलीकडे प्रत्यक्ष पाहिले. आमच्या चाळीतील एका मुलीला जर्मनीत नोकरी लागली. जिन्याखाली जन्मलेले, तांबूस रंगाचे, एक कान पडलेले गावठी कुत्रे तिने लहानपणापासून सांभाळले होते. त्याला घेऊनच जाईन, असे तिने जाहीर केले. आजी म्हणाली, “अगं, माणसांना व्हिसा मिळत नाही, आणि तू याला कुठं नेतेस?” इतिहासाचा मला नाद म्हणून नियम वाचण्याचे काम माझ्याकडे आले. वाचता वाचता लक्षात आले की वरचा सगळा इतिहासच त्या कागदांत ओळीने उभा आहे.

प्रथम कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक. ती आधी आणि लस मागून, हा क्रम उलटला तर लस धरली जात नाही. कारण टोचलेले कुत्रे हेच, याला पुरावा काय? मग पिसाळीची लस. त्यानंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचे आणि लस अंगी लागली आहे की नाही ते पाहायचे. रक्त काढल्या दिवसापासून पुन्हा तीन महिने थांबायचे. हे थांबणे मुलीला जुलूम वाटले, पण त्याचे कारण सरळ आहे: लस टोचण्यापूर्वीच रोगाचे बीज शिरले असेल, तर लशीला उशीर झालेला असतो आणि तो रोग या काळात प्रकट होतो. म्हणजे कँबर्लेच्या फ्रिट्झचा धडा आणि पाश्चरची लस या दोघांनी मिळून जुन्या सहा महिन्यांच्या कोठडीची जागा घेतली. इंग्लंडनेही आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्यांसाठी ती कोठडी २०१२ च्या आरंभी उठवली.

शेवटी केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण सेवेचा आरोग्य दाखला आणि विमानाचा पिंजरा. पिंजऱ्यात जनावर ताठ उभे राहिले पाहिजे, वळले पाहिजे, सुखाने आडवे झाले पाहिजे. गुंगीचे औषध देऊन पाठवणे धोक्याचे, म्हणून कित्येक आठवडे आधीपासून त्याला पिंजऱ्यातच जेवायला आणि झोपायला शिकवायचे. दहा बाय बाराच्या खोलीत तो पिंजरा आला तेव्हा आजीची चटई दारापाशी सरकली. तिने कुरकुर केली नाही. उलट पिंजऱ्यात आपले जुने लुगडे अंथरले.

एक गोष्ट मला फार आवडली. जर्मनीत काही लढाऊ जातींना मज्जाव आहे. पण ज्याला कुळ नाही, त्या गावठीला कोणी अडवीत नाही. त्याने फक्त आपण निरोगी आहोत हे सिद्ध करायचे. त्याने ते केले आणि तो गेला.

सगळीच दारे मात्र अशी उघडत नाहीत. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेत नाही; आधी मान्य देशात मुक्काम, मग मेलबर्नजवळच्या कोठडीत आणखी काही दिवस. अमेरिकेनेही २०२४ पासून आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर खास अटी घातल्या आहेत. यात अपमान वाटण्याचे कारण नाही. पिसाळीने जगात दरसाल सुमारे ५९,००० माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक आपल्या देशात. मरणाऱ्यांत मुले पुष्कळ. लस इथे तयार होते, पशुवैद्य इथे घडतात, तरी आमच्या शब्दावर जगाचा विश्वास बसत नाही, तो या आकड्यामुळे.

हे बदलता येते, याचा दाखला शेजारीच आहे. गोव्यात दारोदार आणि समुद्रकाठी हिंडून, जाळ्या घेऊन, कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथे पिसाळीने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तिथे कुत्री मारावी लागली नाहीत आणि माणसेही मेली नाहीत. १८३२ मध्ये सरकार आणि रयत ज्या मुद्द्यावर एकमेकांवर धावून गेली, त्याचे उत्तर हेच होते. मात्र ते द्यायला तेव्हा लस नव्हती.

आज ती आहे. आमच्या गल्लीत अजून सात-आठ कुत्री आहेत. त्यांना जर्मनीला जायचे नाही. पण परदेशी जाणाऱ्या एका कुत्र्यासाठी जेवढे जपले, त्याचा दहावा हिस्सा या सात-आठांसाठी जपला, तर इथल्या पोरांना रस्त्यात निर्भय खेळता येईल. आणि बैलघोडा काही लांब नाही.