गोवर गेला आणि परत आला : गाम्बियाचा धडा

१/ देवीचा रोग जगातून कायमचा गेला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच मोहिमेत पश्चिम आफ्रिकेतील एका चिमुकल्या देशाने गोवरालाही हद्दपार केले होते. गोवर मात्र परत आला. असे का घडले? #थ्रेड

२/ जानेवारी १९६७. अमेरिकेच्या साहाय्याने पश्चिम व मध्य आफ्रिकेत देवी-निर्मूलन आणि गोवर-नियंत्रण यांची संयुक्त मोहीम सुरू झाली. पथके गावोगाव फिरली. पायाने दाब देऊन चालणाऱ्या यंत्राने, सुईविना, रांगेतल्या माणसांना लस दिली जाई.

३/ नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेल्या चिंचोळ्या गाम्बियात गोवराचा प्रसार थांबला. देशभर गोवराची साखळी तोडणारा हा जगातील पहिला देश. १९७० पर्यंत या साऱ्या प्रदेशातून देवीही नाहीशी झाली.

४/ परंतु दोन्ही रोगांची प्रकृती निराळी. देवीची शुष्क लस उष्णतेत टिकून राही, आणि रुग्णाभोवतीच्या माणसांना ती टोचली की साखळी तुटे. गोवर हवेतून पसरतो, अंगावर पुरळ उठण्याआधीच. त्याची लस थंडाव्यातच जपावी लागते.

५/ शिवाय आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळात लसीला नीट काम करू देत नाही. म्हणून तेथे नवव्या महिन्यापर्यंत थांबावे लागते. पथक गाव सोडून गेले, तरी पाळणे हलतच राहतात. प्रत्येक महिन्यात असुरक्षित मुलांची नवी तुकडी तयार होते.

६/ परकीय निधी आटला, मोहिमेचा जोर ओसरला. देशाच्या तिन्ही बाजूंना सेनेगल. सीमेवर रोज ये-जा. गोवर परतला.

७/ १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विस्तारित लसीकरण कार्यक्रम आरंभला. तेव्हा विकसनशील देशांतील ५ टक्क्यांहूनही कमी बालकांपर्यंत नियमित लसी पोहोचत होत्या. क्षय, घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ आणि गोवर हे त्याचे सहा शत्रू. गाम्बियाने १९७९ मध्ये तो स्वीकारला.

८/ आता भर होता तो शीतपेटीवर, आईच्या हातातील नोंदपत्रिकेवर आणि ठरल्या दिवशी गावात येणाऱ्या फिरत्या दवाखान्यावर. पुढे गाम्बियातील लसीकरण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले, तेही आफ्रिकेतील अनेक श्रीमंत देश मागे असताना.

९/ मोहिमेला प्रारंभ असतो, समाप्ती असते आणि विजयाचे छायाचित्रही असते. नियमित लसीकरणाला यांपैकी काहीच नसते. देवीचा शेवटचा रुग्ण इतिहासाने नोंदवला; पण गोवराविरुद्धची लढाई उद्या जन्मणाऱ्या बाळापासून पुन्हा सुरू होते.