कडधान्यांची जनुकलिपि आणि वऱ्हाडची कोरडवाहू शेती

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेर हें तालुक्याचें गांव लागतें. जुने लोक त्यास नेर परसोपंत म्हणून ओळखतात. भोंवतालची बहुतेक शेती पावसावर अवलंबून. कपाशीच्या कांहीं तासांनंतर तुरीचें एक तास हा येथील जुना रिवाज, आणि सोयाबीन निघाल्यावर रानांत ओल असेल तर हरभरा. दोन्ही पिकें कोरडवाहू खरीं, पण त्यांचें दुखणें एकच नव्हे. मृगाच्या पेऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तूर शेतांत उभी असते. पावसाच्या मधल्या खंडाची झळ तिला लागते, आणि ती फुलावर येते तेव्हां पाऊस परतलेला असतो. हरभरा तर पाऊस संपल्यावरच जन्मास येतो. काळ्या जमिनीनें पोटांत सांठवून ठेविलेलें पाणी हीच त्याची शिदोरी. तो घाटे धरूं लागतो त्या सुमारास वरचा थर सुकून भेगाळलेला असतो आणि ओल खालीं खालीं जात असते. तिच्या मागोमाग ज्याचें मूळ उतरतें, त्याचे घाटे भरतात.

मुळाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें तें कांहीं काल-परवां नव्हे. बिहारांतील पुसा येथें १९०५ सालीं स्थापन झालेल्या संशोधनसंस्थेंत सर आल्बर्ट हॉवर्ड व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनीं हिंदुस्थानांतील पिकांच्या स्थानिक जाती निवडून वेगळ्या केल्या. जवसाचा अभ्यास करतांना त्यांना असें आढळून आलें कीं, गंगाकांठच्या गाळाच्या जमिनींतील जवसाचीं मुळें वरच्यावर पसरतात, आणि दक्षिणेकडील काळ्या जमिनींतील जवसाचीं मुळें खोल जातात. शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्यानें त्या त्या जमिनीची संवय अंगीं बाणविली होती. इकडे मध्यप्रांतांत, नागपूर येथें, डी. एन. महता व बी. बी. दवे यांनीं तुरीच्या प्रकारांवरील आपला अभ्यास १९३१ सालीं प्रसिद्ध केला. परंतु त्या काळीं निवड करण्याचें साधन म्हणजे डोळा आणि तराजू. दाण्याचा रंग, फुलाची वेळ, शेंगांचें वजन हीं दिसतात. मूळ जमिनींत दडलेलें असतें. तें पाहावयाचें तर झाड उपटावें लागतें, आणि उपटलेल्या झाडाचें बीं धरतां येत नाहीं.

ही अडचण पुढें अर्धशतकाहून अधिक काळ तशीच राहिली. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथें एन. पी. सक्सेना प्रभृति संशोधकांनीं हरभऱ्याचे दीड हजारांहून अधिक वाण पारखले, आणि त्यांतून आयसीसी ४९५८ हा वाण निवडून काढला. त्याची मुळें लौकर वाढणारीं, भरघोस आणि खोल जाणारीं होतीं. १९९३ सालीं अवर्षणास तोंड देणारा वाण म्हणून त्याची रीतसर नोंद झाली. हें मोजमाप किती किचकट असतें, याची कल्पना शहरांत बसून येणार नाहीं. सुमारें १२० सेंटिमीटर उंचीच्या नळकांड्यांत माती भरून रोपें वाढवावयाचीं, ठरल्या दिवशीं माती धुऊन एकेक मूळ सोडवावयाचें, तें मोजावयाचें व तोलावयाचें. आणि हेंच शेंकडों वाणांसाठीं पुन्हा पुन्हा करावयाचें.

मूळ चांगलें म्हणून सारा वाण चांगला असें होत नाहीं. शेतकऱ्यास हवा असतो त्याच्या भागांत पिकणारा, बाजारांत चालणारा हरभरा. केवळ त्याला हें मूळ लाभलें म्हणजे झालें. त्यासाठीं संकर करावा, तर प्रत्येक पिढींत पुन्हा तींच नळकांडीं. येथें जनुकशास्त्र उपयोगी पडलें. प्रत्येक पेशींत डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला त्या वनस्पतीचा सारा वारसा असतो. आयसीसी ४९५८ चा संकर तोकड्या मुळांच्या आयसीसी १८८२ शीं करून, त्यांच्या संततींत कोणतीं अक्षरें आलीं असतां मूळ व उत्पन्न वाढतें, याचा शोध घेण्यांत आला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें अवर्षणाशीं निगडित असे अनेक गुण चौथ्या गटांतील एकाच जागीं एकवटलेले आढळले. त्यापूर्वी २०१३ सालीं एका कॅनेडियन काबुली हरभऱ्याची जनुकलिपि वाचली गेली होती व तींत २८,२६९ जनुकें मोजलीं गेलीं होतीं. त्याच वर्षीं दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पति जीनोम संशोधन संस्थेनें खुद्द आयसीसी ४९५८ ची लिपि वाचली. या वाचनाच्या आधारें २०१५ सालीं ती जागा सुमारें तीन लाख अक्षरांपर्यंत आवळतां आली. तेवढ्यांत २६ जनुकें आहेत. आतां कोंवळ्या रोपाचें एक पान तपासलें कीं खूण उतरली किंवा नाहीं हें कळतें. झाड उपटण्याचें कारण उरलें नाहीं.

जनुकाचें नांव निघतांच श्रोत्यांपैकीं अनेकांना बीटी कपाशी आठवेल. तो प्रकार निराळा. बीटी कपाशींत जमिनींतील एका जीवाणूचें जनुक प्रयोगशाळेंत घातलेलें आहे. येथें हरभऱ्याचाच हरभऱ्याशीं संकर आहे; फक्त निवड करणारा आंधळेपणानें चांचपडत नाहीं.

या मार्गानें दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें पुसा ३७२ या वाणांत ती जागा उतरविली, आणि २०१९ सालीं पुसा चिकपी १०२१६ हा वाण प्रसृत झाला. मध्यप्रदेश, महाराष्ट्र, गुजरात व बुंदेलखंड यांसाठीं त्याची शिफारस आहे. त्याचें सरासरी उत्पन्न हेक्टरीं १,४४७ किलो, म्हणजे मूळ वाणाहून सुमारें १२ टक्के अधिक. एकराच्या हिशेबानें ही वाढ साठ किलोंच्या आसपास येते. एवढ्यासाठीं का हा सारा खटाटोप, असें कोणी विचारील. पण साठ किलो म्हणजे दोन एकरांचें बियाणें. कर्जापायीं झालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं ज्या जिल्ह्याचें नांव देशभर गेलें, तेथें पुढल्या पेऱ्याचें बीं घरांत असणें आणि तें उधारीनें आणावें लागणें यांतील अंतर लहान नव्हे. मात्र सर्वच रानांत हा लाभ सारखा मिळेल असें मानणें भाबडेपणाचें होईल. नदीनाल्यांकांठच्या भारी जमिनींत लांब मूळ आपलें काम करील. टेकडीच्या उतारावर जेथें हातभर खोदतांच मुरूम लागतो, तेथें मुळाला उतरावयास जागाच नाहीं.

तुरीची कथा याच्या उलट आहे. तिची लिपि हरभऱ्याच्याही आधीं, २०११ सालीं, वाचली गेली. इक्रिसॅटचे राजीव वार्ष्णेय आणि दिल्लीचे नागेंद्रकुमार सिंह यांच्या दोन निरनिराळ्या पथकांनीं ती वाचली, आणि दोघांनींही वाण घेतला तो ‘आशा’. इक्रिसॅटच्या पथकानें सुमारें ८३ कोटि अक्षरांपैकीं ६० कोटींहून अधिक अक्षरें जुळविलीं व ४८,६८० जनुकें मोजलीं. जनुकांच्या तुलनेवरून तुरीचें मूळस्थान मध्यप्रदेशाच्या आसपास असावें, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे सातपुडा ओलांडला कीं तुरीचें माहेर. असें असूनही हरभऱ्यांत जी एक ठळक जागा सांपडली आणि थेट शेतापर्यंत पोहोंचली, तसें तुरींत अद्याप घडलेलें नाहीं. तुरीस सहा-सात महिने लागतात, त्यामुळें वर्षांत शेतावर एकच पिढी हातीं येते. शिवाय हरभऱ्याचें फूल आपल्याच परागानें फळतें. तुरीच्या फुलांवर मधमाशा फिरतात आणि शेजारच्या रानांतील पराग आणून टाकतात. शुद्ध बीं राखावयाचें तर फांद्यांवर जाळी घालावी लागते. आज विदर्भांत पेरले जाणारे बदनापूरचा बीएसएमआर ७३६ किंवा अकोल्याची पीकेव्ही तारा हे वाण जुन्या रीतीच्या संकरांतून व निवडींतून आलेले आहेत. मर व वांझ या रोगांपुढें कोणतें झाड टिकतें, हें रोगट रानांत डोळ्यांनीं पाहतां येतें. कोरड्या कार्तिकांत तुरीचें मूळ जमिनीखालीं काय करतें, हें अजून तसें पाहतां आलेलें नाहीं.