डोक्यातली ऊ आणि कपड्यांतली ऊ

जूनमध्ये शाळा भरू लागली की पहिल्या पंधरवड्यातच चौथी-पाचवीच्या वर्गात एखादी मुलगी पेन्सिलीच्या टोकाने डोके खाजवताना दिसते. मे महिन्यात मामाच्या गावी पाच-सहा भावंडे एकाच सतरंजीवर डोक्याला डोके लावून झोपलेली असतात. एकीच्या डोक्यातल्या उवा सगळ्यांच्या डोक्यांत जायला तेवढे पुरते. पुढे काय घडते ते शिक्षकांना सांगायला नको. शेजारची मुलगी बाकावर सरकून बसते, मधल्या सुट्टीत डबा खायला तिला कोणी जवळ घेत नाही, घरी चिठ्ठी जाते आणि कधी कधी पुढच्या सोमवारी ती डोक्यावर रुमाल बांधून येते, कारण घरच्यांनी तिची वेणी कापून टाकलेली असते. सर्दी-खोकला घेऊन आलेल्या मुलाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. वास्तविक सर्दी वर्गभर पसरते ती उवांपेक्षा कितीतरी वेगाने!

उवांविषयी ही खास भीती आपल्या मनात आली कोठून? केवळ खाज सुटते म्हणून एवढा तिटकारा वाटण्याचे कारण नाही. या भीतीमागे खरोखरीच्या साथींचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातच घडला. मात्र त्या इतिहासातला गुन्हेगार दुसराच होता.

आपल्या पूर्वजांना ऊ चांगली परिचित होती. मराठीतील 'ऊ' हा शब्द संस्कृत 'यूका'पासून आणि 'लीख' हा 'लिक्षा'पासून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची जी कोष्टके आहेत त्यांत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव आणि आठ यवांचे एक अंगुल असे माप दिले आहे. अंगुल दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर धरले, तर हिशेबाने ऊ सुमारे ०.३ मिलिमीटरची आणि लीख ०.०४ मिलिमीटरची ठरते. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेली ऊ २ ते ३ मिलिमीटर लांब, म्हणजे तिळाएवढी असते; तिची रुंदीसुद्धा एक मिलिमीटरच्या आसपास भरते. तेव्हा कोष्टक करणाऱ्याने ऊ मोजली नव्हती, आठाचा पाढा सांभाळला होता. चरकसंहितेतली नोंद मात्र लक्षपूर्वक केलेली आहे. बाह्य कृमींची स्थाने सांगताना तिच्यात केस, दाढी, अंगावरील लव, पापण्या यांच्या जोडीला वस्त्रेही सांगितली आहेत. वस्त्रांचा हा उल्लेख वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता १८७७ सालाकडे वळू. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. सोलापूरची 'जुनी गिरणी' म्हणून पुढे ओळखली गेलेली कापड गिरणी नेमकी १८७७ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी जिल्ह्यातली माणसे अंगावरच्या एका वस्त्रानिशी घरे सोडत होती. दुष्काळी कामांवर जी सामावली नाहीत त्यांतली अनेक मुंबईला गेली. त्या वर्षी मुंबईत तापाची मोठी साथ उद्भवली. रोग्याला पाच-सहा दिवस सडकून ताप येई, तो एकाएकी उतरे, रोगी बरा झाला असे वाटे आणि आठवड्याभराने ताप पुन्हा उलटे. या रोगाला पुनरावर्ती ज्वर असे नाव आहे.

या साथीचा अभ्यास केला डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कार्टर यांचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेज् अ‍ॅनॅटॉमी' या ग्रंथातील चित्रे त्यांनी काढलेली आहेत. त्याच साली ते मुंबईला आले आणि मधली काही वर्षे त्यांनी साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काढली. बर्लिनच्या ओबरमायर यांनी या तापाच्या रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळणे घेतलेले, वळवळणारे जंतू पाहिल्याचे १८७३ मध्ये जाहीर केले होते. कार्टर यांनी मुंबईच्या रोग्यांच्या रक्तात तेच जंतू दाखवले आणि रोग्याचे रक्त टोचून माकडांना हा रोग होतो हेही सिद्ध केले. एका प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले. जंतू रक्तात असतो. मग एका माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा? दुष्काळ, दाटीवाटी आणि घाण यांचा संबंध सर्वांनाच दिसत होता. पण घाण म्हणजे नेमके काय, हे कोणाला सांगता येत नव्हते.

त्याचे उत्तर मिळायला तीस वर्षे लागली, आणि ते नाशिकला मिळाले. १९०७ मध्ये तेथील एका ख्रिस्ती मिशनच्या वसाहतीत मुलामुलींमध्ये पुनरावर्ती ज्वराची साथ पसरली. तपासासाठी गेले डॉ. फ्रेडरिक पर्सिव्हल मॅकी. (पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे ते संचालक झाले.) मॅकी यांनी प्रथम साधी मोजदाद केली. मुलगे आणि मुली वेगवेगळ्या ठिकाणी राहत. मुलग्यांपैकी सुमारे ८० टक्के आजारी पडले होते, मुलींपैकी मात्र ३० टक्क्यांच्या आसपास. अन्न तेच, पाणी तेच, हवा तीच. मग एवढा फरक का? दोन्हीकडे पाहणी करताना मॅकी यांना दिसले की मुलग्यांच्या अंगावर उवा फार होत्या, मुलींच्या अंगावर थोड्या. मग त्यांनी दोन्ही ठिकाणच्या उवा गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मुलग्यांकडील उवांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश उवांच्या पोटात ते मळसूत्री जंतू होते. मुलींकडील उवांत हे प्रमाण शंभरात जेमतेम तीन होते. त्यांचा निबंध १९०७ च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य सांगावा असे मला वाटते. त्यात महागडे उपकरण नाही. दोन गट, त्यांच्यातील एकच ठळक फरक, आणि त्या फरकाचा रोगाशी असलेला संबंध दुसऱ्या मार्गाने पुन्हा तपासणे, एवढेच आहे. शिवाय त्यात एक चकवा आहे. मुलींचे केस लांब, म्हणून उवा म्हटल्या की त्या मुलींकडे जास्त असणार अशी आपली अटकळ असते. येथे उलटे दिसले, कारण मॅकी यांच्या उवा डोक्यातल्या नव्हत्या. त्या अंगावरच्या, म्हणजेच कपड्यांतल्या होत्या.

डोक्यातली ऊ आणि कपड्यांतली ऊ दिसायला इतक्या सारख्या असतात की जाणकारही चटकन फसतो. शास्त्रज्ञ त्यांना एकाच जातीचे दोन प्रकार मानतात. राहणी मात्र अगदी निराळी. डोक्यातली ऊ केसांवरच राहते, दिवसातून अनेक वेळा रक्त पिते आणि अंडे केसाच्या मुळाशी चिकटवते. डोक्यावरून खाली पडली तर ती एक-दोन दिवसांत मरते. कपड्यांतली ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते, तिथेच अंडी घालते आणि रक्त पिण्यापुरती अंगावर येते. जनुकांच्या तुलनेवरून असे दिसते की मूळची डोक्यातली. माणूस कपडे घालू लागला तेव्हा तिच्यापासून दुसरी निघाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा काळ सुमारे १,७०,००० वर्षांपूर्वीचा काढला आहे. माणसाने कपडे केव्हा घातले याची साक्ष द्यायला कापड उरले नाही, ऊ उरली, हे मोठे मजेशीर आहे.

कपडे बदलले आणि गरम पाण्यात धुतले की कपड्यांतली ऊ संपते. म्हणून ती सापडते ती ज्यांना दुसरा कपडा नाही आणि धुवायला पाणी नाही अशा माणसांकडे: दुष्काळात, युद्धात, तुरुंगात, निर्वासितांच्या छावणीत. मॅकी यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, ट्यूनिसमध्ये शार्ल निकोल यांनी टायफस हा रोगही (हा टायफॉइड नव्हे) हीच ऊ पसरवते असे दाखवले. रुग्णालयाच्या दाराशी रोग्याला अंघोळ घालून त्याचे कपडे काढून घेतले की पुढे तो कोणाला रोग देत नाही. मात्र ते कपडे हाताळणारे आजारी पडतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुनरावर्ती ज्वराबाबतही पुढे निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवले की जंतू उवेच्या चाव्यातून येत नाहीत. खाजवताना ऊ चिरडली की तिच्या शरीरातले जंतू ओरखड्यातून आत शिरतात. नखावर ऊ चिरडण्याची आपली जुनी सवय त्या काळी किती महागात पडत असेल!

शाळांमध्ये मुलांची तपासणी सुरू झाली तीही नेमकी याच काळात. इंग्लंडमध्ये त्यासाठीचा कायदा १९०७ मध्ये झाला. आपल्याकडे बडोद्यात विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये झाली. इंग्लंडच्या शाळांत येणाऱ्या परिचारिकेला मुले 'लिखावाली बाई' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. ती कपड्यांच्या शिवणी उसवून पाहणार कशी? ती डोकेच पाहणार. कपड्यांतल्या उवेचा गुन्हा डोक्यातल्या उवेच्या नावावर चढला तो बहुधा असाच. डोक्यातल्या उवांमध्ये अलीकडे काही ठिकाणी रोगजंतूंची जनुकद्रव्ये सापडली आहेत, पण या उवांमुळे टायफसची किंवा पुनरावर्ती ज्वराची साथ पसरल्याचा पुरावा नाही. शिवाय त्या गरीब-श्रीमंत पाहत नाहीत, आणि रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही होतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर उवा झाल्या म्हणून मुलाला शाळेतून घरी पाठवू नये असेच सांगितले आहे.

भीती मोठी असली की उपायही जहाल होतो. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात टायफसची साथ आली तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांच्या कपड्यांत डीडीटीची भुकटी फवारली गेली आणि साथ आटोक्यात आली. ते योग्यच होते. पण १९५०-५१ च्या कोरियन युद्धात डीडीटीला न जुमानणाऱ्या उवा दिसू लागल्या. डोक्यातल्या उवांचीही तीच कथा. डीडीटी झाले, लिंडेन झाले, मग पर्मेथ्रिन आले. १९९० च्या दशकात अनेक देशांतून पर्मेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवांची वृत्ते येऊ लागली. त्यांच्या मज्जापेशींतील ज्या प्रथिनाला हे औषध चिकटते त्या प्रथिनातच बदल झाला होता.

आपल्याकडे घरगुती जहाल उपायही आहेत. रॉकेलचा विषय न बोललेलाच बरा. चुलीजवळ बसणाऱ्या मुलीच्या केसांना ते लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण सोलापूर, बार्शी, बीड या सीताफळाच्या पट्ट्यात बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावतात, त्याबद्दल लिहिले पाहिजे. सीताफळ मूळचे अमेरिकेतले. त्याच्या बियांतील द्रव्ये कीटकांच्या पेशींची ऊर्जानिर्मिती बंद पाडतात, तेव्हा उवा मरतात हे खरे. मात्र ही पूड डोळ्यांत गेली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटून निघतो आणि असह्य वेदना होतात. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी अशा रोग्यांची वर्णने प्रसिद्ध केली आहेत. न्हाताना पूड डोळ्यांत उतरणार नाही याची खात्री कोण देईल? वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवी, हा समज मुलांच्या मनातून शाळेतच काढावा.

ज्याला ऊ आजवर सरावलेली नाही असा एक उपाय आहे, आणि तो फार जुना आहे. इस्राएलमधील लाखिश येथे २०१६ मध्ये सापडलेली हस्तिदंती फणी सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची मानली जाते. ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब आहे. एका बाजूला गुंता सोडवायला सहा जाड दात आणि दुसऱ्या बाजूला उवा काढायला चौदा बारीक दात. तिच्यावर कोरलेली अक्षरे २०२२ मध्ये वाचली गेली, तेव्हा तो या दाताने केसांतील आणि दाढीतील उवा निघोत अशा अर्थाचा मजकूर निघाला. एका दाताला उवेचे अवशेषही चिकटलेले होते. सोलापूरच्या वाचकांना फणी दोन्ही अर्थांनी माहीत असते. हातमागावर ताण्याचे धागे ज्या दातांमधून जातात तीही फणीच. दोन्हींचे मर्म एक, दातांमधील फट. उवांच्या फणीत ती ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. नेहमीचा कंगवा येथे कामाचा नाही.

फणी केव्हा फिरवायची याचेही गणित आहे. लीख फुटायला ७ ते १० दिवस लागतात, आणि बाहेर आलेले पिल्लू अंडी घालण्याजोगे व्हायला आणखी नऊ-दहा दिवस. म्हणून केस ओले करून, खोबरेल तेल चोपडून, मानेपासून कपाळापर्यंत बट-बट घेऊन पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी फणी फिरवली, तर मधल्या काळात बाहेर पडलेले प्रत्येक पिल्लू मोठे होण्याआधी हाती लागते. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्याला पुसून उवा मोजाव्यात व वहीत आकडा लिहावा. हे काम घरी आईने किंवा आजीने करायचे आहे, आणि सगळ्या भावंडांचे एकाच दिवशी. वेणी कापण्याची गरज नाही.

तेराव्या दिवशी फडक्यावर काही पडले नाही, तर चार दिवसांनी एकदा पुन्हा पाहावे. काही पांढरे ठिपके केसांवर त्यानंतरही दिसतील. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा मुळापासून दोन सेंटिमीटरवर असलेली लीख दोन महिन्यांपूर्वी घातलेली, म्हणजे केव्हाच फुटून गेलेली आहे. ते नुसते टरफल असते, आणि भिंगातून पाहिले तर त्याचे उघडे तोंडही दिसते.