रंगाची पुष्पिका

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस बहुधा पुष्पिका असते आणि तीवरून लेखनकाळ कळतो. भित्तिचित्रास अशी पुष्पिका नसते. तथापि रंगाच्या सूक्ष्म कणांतही काळाची खूण असते. ती वाचण्याचे साधन कृत्रिम रंगांच्या इतिहासाने दिले.

अजिंठ्याचा निळा रंग हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथील पाचव्या शतकातील चित्रांत गेरू, पिवळी व हिरवी माती, काजळी हे साधे रंग आहेत. निळा मात्र लाजवर्द दगडाचा; तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. युरोपातही तो अतिशय महाग असल्याने १८२४ मध्ये फ्रान्समध्ये स्वस्त पर्यायासाठी ६,००० फ्रँकांचे पारितोषिक जाहीर झाले आणि १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे यांस मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक व कोळसा भट्टीत तापवून हा रंग सिद्ध होऊ लागला. कपड्यांना द्यावयाची नीळ म्हणून पुढे पांढुर्णा-सौंसरसारख्या भागातही घरोघरी परिचित झाली, ती हीच.

रासायनिक दृष्ट्या दोन्ही निळे जवळजवळ एकच. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचे कण ओबडधोबड, इतर खनिजांनी मिश्रित दिसतात. भट्टीतील कण बारीक व एकसारखे असतात. प्राचीन चित्रात हे दुसरे कण आढळले, तर तेवढा भाग या कृत्रिम रंगाच्या शोधानंतरचा, हे निश्चित. मात्र ते न आढळणे हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांकडून अजिंठ्याची चित्रे दुरुस्त करविली. तेव्हा संरक्षणार्थ दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडून मूळ रंगच झाकोळले. हेतू चांगला असूनही घडलेली ही हानी. १९३०च्या दशकात एस. परमशिवन यांनी अजिंठ्याच्या रंगांचे व गिलाव्याचे रासायनिक परीक्षण केले. आज क्ष-किरण व रामन वर्णपटाच्या साहाय्याने चित्रास स्पर्शही न करता रंग ओळखता येतात.

मूळ कोणते आणि मागाहून भरलेले कोणते, हे ठरल्यावाचून चित्रावर हात ठेवू नये. जुन्या पोथीची पाने सांभाळणाऱ्यांस हा विवेक नवा नाही.