डाखाची कहाणी

अंधेरीच्या पूर्वेस मरोळजवळ 'सीप्झ' या नांवानें ओळखलें जाणारें एक औद्योगिक आवार आहे. १९७३ सालीं तें उभें राहिलें, तेव्हां केवळ परदेशीं पाठविण्याच्या इलेक्ट्रॉनिक मालाकरितां तें राखून ठेवण्यांत आलें होतें. पुढें १९८७-८८ च्या सुमारास तेथें जडजवाहिराच्या कारखान्यांनाहि प्रवेश मिळाला. तेव्हांपासून एकाच कुंपणाच्या आंत दोन धंदे शेजारीं शेजारीं चालत आले आहेत. एकीकडे सर्किट बोर्डावर बारीकसारीक भाग बसविले जातात, तर दुसरीकडे सोन्याच्या कोंदणांत हिरे. वरवर पाहतां या दोहोंचा कांहींएक संबंध दिसत नाहीं. परंतु दोन्ही ठिकाणच्या कारागिरांना एक क्रिया रोज करावी लागते, आणि ती साधली नाहीं तर बाकीची सारी मेहनत फुकट जाते. ती क्रिया म्हणजे डाख देणें.

डाख म्हणजे दोन धातूंचे तुकडे जोडण्याकरितां त्यांच्यामध्यें वितळवून सोडलेला तिसरा धातु. हा तिसरा धातु जोडावयाच्या धातूंपेक्षां लवकर वितळणारा असावा लागतो, एवढी त्याची मुख्य अट. सोनार सोन्यांतच रुपें व तांबें मिसळून आपला डाख तयार करतो, आणि तो नीट पसरावा म्हणून टाकणखार लावतो. पत्र्याचीं भांडीं जोडणारा कथील व शिसें यांचा डाख वापरतो. कल्हईवाला सांधा जोडीत नाहीं, तरी त्याची विद्या याच कुळांतली. तापलेल्या पितळेच्या भांड्यांत तो नवसागर टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, कापसाच्या बोळ्यानें कथील फिरतें आणि क्षणार्धांत भांडें रुप्यासारखें चमकूं लागतें. लगेच तें पाण्यांत बुडविलें जातें. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनीं हा धंदा बहुतेक संपविला. तथापि घाटकोपर, मुलुंडच्या जुन्या चाळींतून वाढलेल्या पिढीला तो भाता आणि तो धूर अजून आठवत असेल.

या सर्व कारागिरांना एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. सांध्याचें भवितव्य तो तापविण्यांत जितकें ठरतें तितकेंच, किंबहुना अधिक, तो निवण्यांत ठरतें. डाख द्रव असतो आणि घन होतो, या मधल्या दोन-चार क्षणांत हात हलला कीं सांधा आंतून भुसभुशीत होतो. जोडावयाचा धातु पुरेसा तापला नसेल, तर डाख त्याला न चिकटतां वर गोळी होऊन बसतो. बाहेरून असा सांधा जोडलेला दिसतो. पण महिन्या-दोन महिन्यांनीं उपकरण बंद पडतें, आणि दोष कोठें आहे तें शोधतां शोधतां दुरुस्ती करणारा हैराण होतो.

डाखाचा वापर फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आपल्या सृष्टिवर्णनांत दोन प्रकारचीं मिश्रणें नमूद केलीं आहेत. एकांत शिसें व कथील समभाग असत. दुसऱ्यांत दोन भाग शिसें व एक भाग कथील असे, आणि तें पाण्याचे नळ सांधण्याच्या कामीं येई. आपल्याकडील रसशास्त्राच्या ग्रंथांतहि कथलाला वंग व शिशाला नाग अशीं स्वतंत्र नांवें आहेत, आणि शुद्ध व भेसळीचें वंग यांत भेद केलेला आहे. कारागिराला मिश्रणाचें प्रमाण ठाऊक होतें. त्या प्रमाणाचें कारण मात्र ठाऊक नव्हतें.

तें कारण शोधण्याचा मार्ग उघडला तो आयझॅक न्यूटनच्या एका छोट्या निबंधानें. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत १७०१ सालीं हा निबंध लेखकाच्या नांवावांचून प्रसिद्ध झाला. त्यांतला प्रयोग असा होता. लोखंडाचा एक जाड ठोकळा लाल होईपर्यंत तापविला, एकसारखा वारा वाहत असलेल्या थंड जागीं ठेवला, आणि त्यावर निरनिराळ्या धातूंचे व मिश्रणांचे लहान तुकडे मांडले. कथील, शिसें, बिस्मथ आणि त्यांचीं मिश्रणें त्यावर वितळून राहिलीं. ठोकळा निवत गेला तसतसे एकेक तुकडे घट्ट होऊं लागले, आणि प्रत्येकाला लागलेला वेळ नोंदला गेला. त्या वेळच्या साध्या तापमापकांनीं जी उष्णता मोजतां येत नसे, ती या युक्तीनें वेळाच्या हिशोबावरून काढतां आली. तापलेली वस्तु भोंवतालापेक्षां जितकी अधिक उष्ण, तितक्या अधिक वेगानें ती निवते, या नियमाला पुढें न्यूटनचेंच नांव मिळालें. म्हणजे उष्णतेच्या शास्त्रांतील एका मूलभूत नियमाच्या जन्मकाळीं डाखाचे गोठणारे थेंब साक्षीला होते.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनीं, १८३० च्या सुमारास, स्वीडनमधील रुडबर्ग या शास्त्रज्ञानें कथील व शिशाचीं मिश्रणें तापमापक घालून निववून पाहिलीं. प्रमाण कसेंहि असो, निवतां निवतां एका ठराविक अंशावर पारा कांहीं वेळ थबके. पुढें १८८४ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यानें अशा सर्वांत सुलभपणें वितळणाऱ्या मिश्रणाला ग्रीक भाषेच्या आधारें 'यूटेक्टिक' हें नांव दिलें. यांतील विस्मयाची गोष्ट अशी, कीं शुद्ध कथील २३२ अंश सेंटिग्रेडवर वितळतें आणि शुद्ध शिसें ३२७ अंशांवर. पण ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें एकत्र केलें, तर तें मिश्रण दोहोंच्याहि खालीं, १८३ अंशांवरच, एकदम वितळतें आणि एकदम गोठतें. विद्युत्-उपकरणांना हेंच हवें असतें. कारण घट्ट होण्यास वेळ कमी, म्हणून हात हलण्याचा धोकाहि कमी. उलट शिशाचे नळ सांधणाऱ्या जुन्या प्लंबरला ७० भाग शिशाचें मिश्रण पसंत असे. तें सुमारें २५५ अंशांपासून १८३ अंशांपर्यंत लोण्यासारखें मऊ राही, आणि तेवढ्या अवधींत तो तेलकट फडक्यानें सांध्याला गोलाई देऊन घेई. एकाला दोष वाटे, तोच दुसऱ्याला गुण ठरे.

गोठण्याचा वेग कशावर अवलंबून असतो, याचें गणित ऑस्ट्रियांतील योझेफ स्टेफान यानें १८८९ च्या सुमारास ध्रुवसमुद्रावरील बर्फाच्या निमित्तानें मांडलें. गोठतांना द्रव पदार्थ आपल्या पोटांतील सुप्त उष्णता बाहेर टाकतो. ती उष्णता आधीं घट्ट झालेल्या थरांतूनच बाहेर पडावयाची असल्यामुळें थर जाड होऊं लागतांच वाट लांबते व गति मंदावते. जाडी दुप्पट व्हावयास वेळ चौपट लागतो. डाखाच्या थेंबांत हाच न्याय सूक्ष्म रूपानें चालतो. तांबें डाखापेक्षां सात-आठ पट चांगलें उष्णतावाहक असल्यानें उष्णता मुख्यतः तांब्याच्या वाटेनें पळते. तांब्याची तार जाड असेल तर इतकी पळते, कीं डाख नीट पसरण्यापूर्वींच गोठून जातो. म्हणून जाणता कारागीर आधीं तार तापवितो आणि मग तिला डाख लावतो.

मुंबईच्या उपनगरांत या गोठण्याच्या शास्त्राचा मोठ्या प्रमाणावर पहिला उपयोग पाण्याच्या कामीं झाला असें म्हणतां येईल. साष्टीच्या डोंगरांत विहार तलावाचें काम हेन्री कॉनीबीअर याच्या योजनेनुसार १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६० सालीं त्याचें पाणी शहराला मिळालें. त्या काळीं ओतीव लोखंडाच्या नळांचे सांधे ताग ठासून व वर वितळलेलें शिसें ओतून बंद करण्याची रीत होती. शिसें गोठतांना किंचित् आकसतें. त्यामुळें तें नुसतें ओतून भागत नसे, थंड झाल्यावर छिन्नी-हातोड्यानें पुन्हां ठोकून बसवावें लागे.

पुढें विजेचा व रेडिओचा काळ आला. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि घराघरांतील रेडिओच्या पोटांत शेंकडों डाखाचे ठिपके येऊन बसले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाचें काम १९६० सालीं पुरें झालें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या व १२,५०० रोध होते. प्रत्येक रोधाचीं दोन टोंकें धरलीं, तरी केवळ त्यांचेच पंचवीस हजार सांधे झाले, आणि त्यांतला एक कच्चा राहिला तरी हिशोब चुकावयाचा. सीप्झ उभें राहिलें तें या परंपरेच्या पुढच्या टप्प्यावर. तोंवर छापील सर्किट बोर्डें आलीं होतीं, आणि वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून सबंध बोर्ड नेऊन सारे सांधे एकदम जोडण्याची १९५६ च्या सुमाराची इंग्लंडांतील युक्तीहि रूढ झाली होती.

येथवर शिसें या कथेंतलें उपकारी पात्र होतें. त्यानें डाख स्वस्त केला, सोपा केला, टिकाऊ केला. परंतु शिसें विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला तें अत्यल्प प्रमाणांतहि अपाय करतें. कल्हईच्या कथलांत लोभानें शिसें मिसळलें, तर चिंचेच्या आमटींत तें उतरावयाचेंच. डाख देणाऱ्याला शिशाच्या वाफेपेक्षां हाताला लागून तोंडावाटे पोटांत जाणाऱ्या शिशाचें भय अधिक. सोनारांच्या धंद्यांतहि असेंच झालें. 'केडीएम' म्हणून जो डाख लोकप्रिय झाला, त्यांतल्या कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुफ्फुसांना व मूत्रपिंडांना घातक ठरला. दागिना ग्राहकाच्या गळ्यांत शोभला. त्याची किंमत भट्टीपुढें बसणाऱ्यानें मोजली.

युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाचें प्रमाण हजारांत एका भागावर जाऊं नये असा निर्बंध घातला. भारतांत ई-कचऱ्याविषयींचे नियम १ मे २०१२ पासून अमलांत आले, आणि त्यांतहि अशीच मर्यादा घालण्यांत आली. त्यामुळें कथील, रुपें व तांबें यांचा नवा डाख पुढें आला. तो २१७ अंशांवर वितळूं लागतो, म्हणजे जुन्यापेक्षां ३४ अंश अधिक. तेवढ्या अधिक उष्णतेनें नाजूक भाग भाजूं लागले. शिवाय नवा डाख गोठण्याच्या अंशाखालीं बराच निवूनहि द्रव राहतो आणि मग अकस्मात् गोठतो. जुना सांधा चकचकीत दिसला कीं तो चांगला, ही पारख वर्षानुवर्षे शिकविली गेली होती. नवा सांधा चांगला असूनहि मंद दिसतो. तेव्हां तपासनिसांच्या डोळ्यांना नवें शिक्षण द्यावें लागलें.

शिसें काढल्यावर आणखी एक जुना शत्रु जागा झाला. शुद्ध कथलाच्या पृष्ठभागांतून केंसाहून बारीक स्फटिकतंतु आपोआप उगवतात, आणि कथलांत थोडें शिसें मिसळल्यास ते आवरतात, हें अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत १९५० नंतरच्या दशकांत दिसून आलें होतें. अशा तंतूमुळें काय होऊं शकतें, याचें उदाहरण हृदयरोग्यांच्या बाबतींत घडलें. नाडी फार मंदावलेल्या रुग्णांच्या छातींत पेसमेकर बसवितात. एट्रियल फिब्रिलेशन या विकारांत कर्णिकांची लय बिघडते, आणि त्यांतल्याहि कांहीं रुग्णांना त्याची गरज पडते. पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें आर्ने लार्सन या रुग्णाला बसविण्यांत आला. तो कांहीं तासांतच बंद पडला. परंतु पुढील सुधारित यंत्रांच्या आधारें लार्सन २००१ पर्यंत जगले. अशा यंत्रांत एक तंतु चुकीच्या जागीं टेकला, तर काय व्हावयाचें? एका प्रकारच्या पेसमेकरांत तसें प्रत्यक्ष घडलें, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९८६ च्या मार्चमध्यें या तंतूंविषयीं आपल्या तपासनिसांना मार्गदर्शन केलें.

म्हणूनच युरोपीय संघानें २०११ च्या आपल्या निर्देशांत, शरीरांत बसविलेल्या अशा सक्रिय यंत्रांना शिशाच्या बंदींतून वगळलें. दिवाणखान्यांतल्या रेडिओंतून जें शिसें हद्दपार झालें, त्याला हृदयाशेजारीं मात्र जागा राहिली. यांत विसंगति नाहीं. घट्ट मिटलेल्या पेटींतलें कणभर शिसें रुग्णाला बाधत नाहीं, आणि सांधा निकामी झाला तर त्याचा जीव जाऊं शकतो. उलट कोट्यवधि रेडिओ, दूरचित्रवाणी संच व दूरध्वनी शेवटीं कोणाच्या तरी उघड्या हातांत जाऊन पडतात. पदार्थ तोच, तो कोणाच्या हातीं व कोणत्या वेळीं जाणार, यावर त्याचा न्याय करावा लागतो.

ते हात फार दूर नाहींत. साकीनाका व कुर्ला येथील भंगाराच्या गल्ल्यांतून जुनीं सर्किट बोर्डें फोडण्याचें काम वर्षानुवर्षे चालत आलें आहे. जुन्या बोर्डावरचा भाग काढावयाचा, तर डाख पुन्हां तापवावा लागतो. आणि तें काम उघड्या शेगडीवर होतें तेव्हां शिशाची धूळ, जळत्या प्लास्टिकचा धूर व शेजारीं खेळणारीं मुलें हीं एकाच ठिकाणीं असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनीं अशा मालाची विल्हेवाट नोंदणीकृत कारखान्यांतूनच व्हावी अशी तरतूद केली असून तिचा भार उत्पादकांवर टाकला आहे. परंतु माळ्यावरचा बंद पडलेला रेडिओ कोणाच्या स्वाधीन करावयाचा, हें प्रत्येक कुटुंबच ठरवितें. दारावर येणारा भंगारवाला चार पैसे अधिक देतो खरा. पण तो संच त्या शेगडीपर्यंत पोंचूं नये असें वाटत असेल, तर चार पैसे कमी घेऊन तो नोंदणीकृत संकलन केंद्राकडेच द्यावयास हवा.