सोन्याचा कण आणि वाढलेला उजेड

सोने आपण तोळ्याने मोजतो. परंतु त्याचेच इतके बारीक कण केले की एका मिलिमीटरात पन्नास हजार ओळीने मावावेत, तर ते पिवळे दिसत नाही. पाण्यात माणकासारखे लाल दिसते. १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होता. बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला आणि १८१२ साली हम्फ्री डेव्हींची जाहीर व्याख्याने ऐकून विज्ञानाकडे वळला. व्याख्यानांनी काय होते, असे विचारणारांस आम्ही हेच उत्तर देतो.

त्याआधी पाच वर्षे, १८५२ साली, जॉर्ज स्टोक्स यांनी दाखविले की, क्विनीनच्या पाण्यावर डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण पडले तर त्यातून निळा उजेड निघतो. यास अनुस्फुरण, म्हणजे फ्लुओरेसन्स, हे नाव पडले. पुढे वैद्यकाने ते उचलले. ऑरामिन रंग दिलेले क्षयाचे जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे चमकतात. अशा तपासणीसाठी एलईडी दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली केली.

अडचण एवढीच की, शोधावयाचा पदार्थ थोडा असला म्हणजे उजेडही क्षीण, आणि रंग लवकर विटतो.

येथे धातू मदतीस आला. १९७० साली ड्रेक्सहागे या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की, चमकणारा रेणू आरशापासून किती दूर आहे, यावर तो प्रकाश किती वेगाने सोडतो हे ठरते. २००१ पासून अमेरिकेत बाल्टिमोर येथे जोसेफ लाकोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या कणांवर हेच तत्त्व जीवरसायनांच्या तपासणीसाठी चालविले. कणातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हेलकावतात. कणाजवळ प्रकाशाचा जोर एकवटतो. रंगाचा रेणू अधिक उत्तेजित होतो, ऊर्जा लवकर सोडतो, म्हणून विटतोही कमी. मात्र रेणू धातूला चिकटला तर उजेड विझतो. दहा नॅनोमीटरच्या आसपास अंतर ठेवले तर वाढतो. २००९ साली स्टॅनफर्डमध्ये सोन्याच्या दोन त्रिकोणांमधील फटीत एकेका रेणूचा उजेड तेराशे पटींहून अधिक वाढलेला आढळला.

आपल्या महाराष्ट्राचा वाटा कणांच्या घडणीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ साली गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण घडविले. ते काम उजेड वाढविण्यासाठी नव्हते. परंतु कणाचा आकार बदलला की प्रकाशाशी त्याचे वागणे बदलते, म्हणून त्याचे मोल.

प्रयोगशाळेपासून दवाखान्यापर्यंतची वाट मात्र लांब आहे. कण एकसारखे हवेत, अंतर नेमके हवे, आणि किंमत गरिबाच्या आवाक्यातली हवी.

वणीच्या कोळसापट्ट्यात आम्हांला या शेवटच्या अटीची काळजी अधिक. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो. रोग लवकर दिसला तर क्षयाचा रोगी औषधाने बरा होतो. सिलिकोसिसने गेलेले फुप्फुस मात्र परत येत नाही. म्हणून सोन्याच्या कणाचे स्वागत करताना आम्ही दोन मागण्या करतो: ही तपासणी कामगाराच्या दारापर्यंत यावी, आणि तिच्या नावाखाली धुळीवर पाणी मारण्याचे काम कोणी थांबवू नये.